रात्रपाळीचा रकाना

बारा दिवस मुंबईत राहून मी समुद्र एकदाच पाहिला, तोही चौपाटीच्या बाकावर दाणे खात वीस मिनिटं. नागपूरला परतल्यावर शाळेतल्या बायकांना याची फार हळहळ वाटली. राणीची बाग नाही, म्युझियम नाही, फोर्टातली दुकानं नाहीत, मग गेलीस तरी कशाला? मी लोकांचे हात बघायला गेले होते असं सांगितलं की त्या हसतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते आहे. हसणारांनी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच अट.

परदेशी स्वयंसेवकांचं एक पथक त्या हिवाळ्यात मुंबईच्या गिरणगावात क्षयाची चाचणी करायला आलं होतं. युरोपातली तरुण मुलंमुली. पगार नाही, फक्त जेवणखाण आणि बोटीचं भाडं. युद्धात आपली गावं पडली तेव्हा परक्यांनी येऊन भिंती उभ्या करून दिल्या, आता आपण दुसऱ्याच्या दारी जायचं, अशी त्यांची साधी समजूत. त्यांना इंग्रजी आणि मराठी बोलणारी, शास्त्राचा थोडा गंध असलेली बाई हवी होती. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि शास्त्र शिकवते. शिवाय कुणी 'तुला झेपणार नाही' म्हटलं की मला ते करावंसंच वाटतं, आणि आमच्या मोठ्या बाईंनी नेमकं तेच म्हटलं.

गिरगाव

मी उतरले वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांकडे. बापूसाहेब म्हणजे पिढ्यान् पिढ्या मुंबईत राहिलेल्या घराण्यातले, गोदीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. घरात शिसवी कपाटं, भिंतीवर तीन घड्याळं आणि तिन्हींत वेगळी वेळ. पहिल्याच रात्री ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कोलंबीचं भुजणं वाढलं. तेलात कांदा, मिरची, कोथिंबीर आणि कोलंबी एकत्र कालवून शिजवायची, एवढंच. आमच्याकडे रस्सा डोळ्यांतून पाणी काढत नसेल तर पाहुण्याला अपमान वाटतो. इथे ते मऊ, ओलसर प्रकरण बघून मी आधी मनात नाक मुरडलं आणि मग तीनदा घेतलं.

"तुमचं नागपूर काय म्हणतंय?" बापूसाहेबांनी विचारलं. "येणार का आमच्यात, की वेगळीच चूल मांडणार?"

आमचं नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मी म्हटलं, "आम्ही अजून विचार करून राहिलो."

"करून राहिलो," त्यांनी मला वेडावून दाखवलं, पण हसले नाहीत. मुंबई महाराष्ट्राला न देता दिल्लीच्या ताब्यात ठेवणार अशी बातमी आली होती. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, धरपकड. "पोरी, तू चुकीच्या आठवड्यात आलीस," ते म्हणाले. "गिरणगावात सध्या परका माणूस वही घेऊन फिरला तर लोक आधी विचारतात, ही वही कुणाची."

मी म्हटलं, वही माझी. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

डिलाईल रोड, सोमवार

पथकात आम्ही पाच जण. प्रमुख एक स्विस म्हातारे गृहस्थ, कागदपत्रांच्या बाबतीत देवपूजेइतके काटेकोर. टोचायला करीन नावाची डॅनिश परिचारिका, माझ्याच वयाची, शेतकऱ्याची मुलगी, हाताने राकट आणि बोलायला मोजकी. आणखी दोघे सामान वाहायला. मी दुभाषी आणि कारकून.

चाचणी सोपी असते. कोपराखाली कातडीत औषधाचा थेंब टोचायचा. तिसऱ्या दिवशी तिथे गाठ आली का ते बोटाने चाचपायचं आणि पट्टीने मोजायचं. गाठ नसेल त्याला लस. गाठ पुष्कळांना येते, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण ती फार मोठी, फोड धरलेली असली आणि माणूस खोकत असला तर छातीचा फोटो काढायचा. तिसरा दिवस चुकला की केलेलं सगळं पाण्यात.

आम्हाला नेमून दिलेली चाळ कोकणातल्या गिरणी कामगारांची होती. तळमजल्यावरच्या एका खोलीत खानावळ. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे वयनी म्हणायचे, म्हणजे आपली वहिनी. पन्नाशीची, किडकिडीत, चुलीच्या धुराने डोळे कायम बारीक केलेले. तीसेक माणसं तिच्याकडे जेवायची, सगळी एकाच गावची. कुटुंब गावाला, आणि इथे वरच्या मजल्यावर त्या गावाच्या नावाची एक मोठी खोली. तिच्या संमतीशिवाय चाळीत पान हलत नाही हे मला पाच मिनिटांत कळलं.

"तुमी कोणाचे सोयंसेवक?" तिने विचारलं. त्या दिवसांत पक्षापक्षांचे स्वयंसेवक दारोदार फिरत होते, तेव्हा हा प्रश्न रास्तच होता.

"कोणाचेच नाही. हे लोक स्वतःहून आलेत."

"सोताहून?" तिने करीनकडे बघितलं. "आवस-बापूस नाय तिका?"

मी तिला सगळं समजावलं. ती भाताच्या मोठ्या टोपावर झाकण ठेवून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "नावां कित्याक लिवतास?"

"तिसऱ्या दिवशी कोणाचा हात बघायचा ते कळायला नको?"

"आनी ती वही खय जातली?"

माझी जीभ कधीच अडखळत नाही, तो माझा गुण आहे आणि दोषही. मी म्हटलं, "कुठेच जाणार नाही. माझा शब्द."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक दिली. माणसं एकेक करून खाली यायला लागली.

करीन दरम्यान वर जाऊन खोली मोजून आली होती. बारा वळकट्या, म्हणजे बारा माणसं. तिने बारा कार्डं काढून ठेवली. तेरावा माणूस आला, चौदावा आला, विसावा आला, तशी ती गोंधळली. तिला वाटलं एकच माणूस दोनदा येतोय. मग एकाने हसत सांगितलं की एका वळकटीवर तीन पाळ्यांची तीन माणसं झोपतात. एक उठून गिरणीत गेला की दुसरा येऊन त्याच गरम अंथरुणावर पडतो. करीनने ते दोनदा विचारून घेतलं. "आमच्याकडे गाईलाही स्वतःची जागा असते," ती मला हळूच म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं नाही.

पण मला एक कल्पना सुचली, आणि सुचली म्हणून मी खूष झाले. गुरुवारी ही माणसं सापडणार कशी? कोणी गिरणीत, कोणी झोपलेला, कोणी बाहेर. मी कागदावर एक जास्तीचा रकाना आखला: पाळी. नावापुढे पहिली, दुसरी की रात्रपाळी, आणि वळकटी कितवी, खिडकीपासून मोजून. म्हातारे साहेब माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "उत्कृष्ट. सगळ्या पथकांना हे शिकवायला हवं." मी दिवसभर त्या शब्दावर तरंगत होते.

सव्विसावा माणूस आत्माराम. पंचविशीचा, उंच, सदऱ्यातून खांद्याची हाडं दिसणारा. गिरणीत बदली कामगार, म्हणजे रोज दारावर उभं राहायचं आणि कायमचा माणूस गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतं काम मिळायचं. त्याला हात पुढे करायचा नव्हता. तो म्हणाला, "माका काय झालेला नाय." आणि तेवढं बोलताना खोकला.

"कर हात पुढे," वयनी म्हणाली. तो तिच्या नात्यातला, तिच्या चुलत दिराचा मुलगा.

"वयनी, गिरणीत कळला तर बदलीचा पास काडून घेतले."

"बाईन शब्द दिलो हा."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाही वर केली. मी लिहिलं: आत्माराम, रात्रपाळी, वळकटी चौथी.

जेवायला वयनीने आम्हाला बसवलं. उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं. मासा कसा खायचा हे आम्हा विदर्भातल्या माणसांना कोण शिकवणार? माझ्या घशात काटा अडकला, डोळे पांढरे झाले, आणि आत्मारामाने कोरड्या भाताचा गोळा करून न चावता गिळायला लावला. काटा गेला. सगळी पंगत हसली, आणि मीही हसले.

नायगाव, मंगळवार

दुसऱ्या दिवशी नायगावात काम होतं. दुपारी तीनच्या सुमाराला एक पोलीस अधिकारी आले. मराठीच होते, साताऱ्याकडचे, बोलायला अतिशय नम्र. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरला आणि माझं अक्षर मला दिसलं. निळसर, जरा पुसट, कार्बनचं.

"अक्षर सुरेख आहे बाई," ते म्हणाले. "आणि हा पाळीचा रकाना तर फारच उपयोगी. आमची माणसं आठ दिवस त्या दोघांच्या मागावर होती. सकाळी अकराला गेलो. रात्रपाळी करून झोपले होते. वळकटी चौथी आणि वळकटी सातवी."

हे दोघे मोर्चाच्या पुढे असायचे, पत्रकं वाटायचे, एवढंच त्यांनी मला सांगितलं. चौथी वळकटी आत्मारामाची होती. सातवी दाजी नावाच्या दुसऱ्या माणसाची.

"हा कागद तुमच्याकडे कसा आला?"

"सरकारी प्रत सरकारकडेच येणार," ते म्हणाले. "आरोग्य खात्यातून मागवली. आता नायगावची यादी तुम्ही थेट आम्हालाच द्यावी, म्हणजे कचेऱ्यांचा वेळ वाचेल. मी तासाभराने येतो."

मी म्हाताऱ्या साहेबांकडे गेले. ते लाल झाले नाहीत की चपापले नाहीत. म्हणाले, प्रत्येक यादीच्या तीन प्रती निघतात, एक आपल्याला, एक मुख्य कचेरीला, एक यजमान सरकारला. करारच तसा आहे, जगात सगळीकडे. सरकारने बोलावलं म्हणून आपण इथे आहोत.

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. कागदाखाली कार्बन मी स्वतःच्या हाताने घातला होता. तिसरी प्रत कुठे जाते हा प्रश्न चुलीपाशी बसलेल्या बाईला पडला, मला पडला नाही. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

करीन सगळं ऐकत होती. तिने नायगावचे कागद उचलले, तिन्ही प्रतींसकट, औषधाच्या बर्फाच्या डब्यात कोंबले, झाकण लावलं आणि डब्यावर बसली. अधिकारी परत आले तेव्हा तिने मला सांगायला लावलं की कागद आवरून झालेले नाहीत आणि या डब्याला उजेड लागला तर आतलं औषध नासेल. त्यांनी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि "उद्या बघू" म्हणून गेले. मी कपाळावरचा घाम पदराने पुसला. डबा उघडला तेव्हा बर्फाच्या पाण्यात कागदांचा लगदा होऊन सगळी नावं एकमेकांत मिसळली होती. नायगावचं काम वाया गेलं. म्हातारे साहेब त्या संध्याकाळी आमच्याशी बोलले नाहीत.

पुन्हा डिलाईल रोड, बुधवार

करीन म्हणाली, मीही येते. मी नको म्हटलं. शब्द मी दिला होता.

वयनी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिला सगळं आधीच कळलं असणार, तरी मी उंबऱ्यात उभी राहून पहिल्यापासून सांगितलं. रकाना कसा सुचला तेसुद्धा. ती थापत राहिली. एक भाकरी तव्यावर टाकली, उलटली, काढली.

"तुज्यार इस्वास ठेवून मी तेंका हात पुडे करूक लायलंय," ती म्हणाली.

"हो."

"वरची माणसां म्हणतत, परत दारात दिसली तर फोडून काडूया."

"ठीक आहे. पण हात उद्याच बघावे लागतील. परवा चालणार नाही."

तिने वर पाहिलं. "उद्या हरताळ असा. गाडी नाय, बस नाय. येतलंस?"

"येईन."

"वही हाडशीत तर चुलीत घालतलंय."

"आणणार नाही."

"मगे नावां कशी कळतली?"

तिने पिठाचा हात पुसला आणि स्वतःच म्हणाली, "तीस माणसां रोज वाडतंय मी. कोण किती खाता, कोण कदी येता, माका ठाव असा. ये बाराक."

गुरुवार

बापूसाहेबांनी सकाळी दाराला आतून कडी घातली. "तुझ्या वडिलांना मी काय तोंड दाखवू?" ताईंनी मला एक पातळ पंचा ओला करून दिला, डोळ्यांवर धरायला, आणि मागचा जिना दाखवला.

गिरगावातून डिलाईल रोड चालत म्हणजे एरवी तास-सव्वातास. त्या दिवशी अडीच लागले. दुकानांच्या फळ्या बंद, ट्रामच्या रुळांवर दगड आणि चपला. इतक्या चपला मी कधी पाहिल्या नव्हत्या, सगळ्या एकेरी. बाँबे सेंट्रलच्या पुढे अश्रुधुराने डोळे इतके चुरचुरले की मी एका बंद इराण्याच्या पायरीवर बसून राहिले. सातरस्त्याजवळ लोकांनी अडवून विचारलं, कोण, कुठची? "नागपूरची," म्हटल्यावर एक जण म्हणाला, "मग हिकडे काय करते? जा तिकडे, सांग त्यांना, मुंबईशिवाय आमाला काय नको." मी म्हटलं, सांगते. खरंच भीती वाटत होती. परतावं असं दोनदा मनात आलं, आणि परतायला तेवढंच चालावं लागेल म्हणून पुढे गेले.

करीन परळहून चालत आली होती. तिच्या कपाळाला खोक पडली होती, कुठून तरी आलेला दगड. ती म्हणाली, माझ्यासाठी नव्हता, वाटेत मी होते.

आणि मग जे झालं ते आजवर पाहिलेल्या कोणत्याही दवाखान्यात मी पाहिलं नाही. वयनी चुलीपाशी बसली होती. माणूस जेवायला येई, ताटासाठी हात पुढे करी, आणि ती म्हणे, "आदी तिका दाखव." मी समोर बसलेली दिसली की त्याचं तोंड कडू होई. एकाने तर भिंतीकडे थुंकून पाठ फिरवली. वयनी म्हणाली, "ठीक आसा, उपाशी रव." तो परत आला. करीन गाठ चाचपून पट्टी लावी, गाठ नसली तर तिथेच लस, आणि मग ताट. कागद नाही, पेन्सिल नाही. शेवटी वयनीने बोटांवर मोजून सांगितलं, "अठ्ठावीस झाले. दोन रवले."

दोन ताटं रिकामी होती. तिने उठून एक मोठा डबा भरला.

चौकी

चौकीच्या वाटेवर कर्णा लावलेली गाडी फिरत होती: चार वाजल्यापासून संचारबंदी. आम्ही तिघी पोलीस चौकीत पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मंगळवारचे तेच अधिकारी दाढी वाढलेल्या तोंडाने टेबलाशी बसले होते, आणि मला वाटतं तेही दोन दिवस झोपले नव्हते. वयनीला त्यांनी बाहेर थांबवलं, डबा आत घेतला. "दोन हात बघायचे ना? बघा. चारच्या आत उरका."

गजांपलीकडे एका खोलीत पंधरा-सोळा माणसं दाटीवाटीने बसली होती. दाजीने गजांतून हात काढला. गाठ लहान. तो मागे सरकला. आत्माराम भिंतीशी बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. हाक मारल्यावर उठून आला. त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि मला पट्टी न लावताच दिसलं. कोपराखाली रुपयाएवढा लाल उंचवटा, मध्ये फोड. करीनने मोजलं आणि त्याला खोकायला सांगितलं. त्याने हातातला फडक्याचा बोळा तोंडाशी धरला. तिने तो मागितला. त्याने दिला नाही. तिने त्याची मूठ उघडली. फडक्यावर रक्ताचे डाग होते, सुकलेले आणि ओले.

"हा इथे नको," करीन मला म्हणाली. "याला आजच रुग्णालय. आणि या बाकीच्यांच्या शेजारी तर एक रात्रही नको."

मी त्याला सांगितलं. तो गजांना कपाळ लावून अगदी हळू बोलला, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "बाई, सांगा नको. पोलिसातलो माणूस चार दिसान सुटता. क्षयाचो सुटणा नाय. पास जातलो. गावाक आवस असा, धाकटी भयण असा. मी हय बरो असय."

"आत्माराम, तुझ्या शेजारी पंधरा जण आहेत."

"तुमी शब्द दिललास," तो म्हणाला.

करीनने विचारलं, काय म्हणतो? मी शब्दाला शब्द सांगितलं. तिने कपाळावरची खोक चाचपली. "मी तर खरं सांगून मोकळी होईन," ती म्हणाली. "पण परवा मी दुसऱ्या गावी असेन आणि महिन्याने बोटीवर. इथे माझ्या हातून कोणाचं काही बिघडलं तर ते मला कधी कळणारसुद्धा नाही. तू ठरव असं म्हणायला मला लाज वाटते, पण भाषा तुझी आहे."

अधिकारी टेबलावरून उठून आमच्या मागे आले होते. "काय निघालं?" त्यांनी विचारलं.

आत्माराम माझ्याकडे बघत होता. दोन दिवस मी मनात एकच घोकत होते, की निदान आता तरी दिलेला शब्द पाळायचा. काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. घड्याळात साडेतीन झाले होते. मागे कोणी तरी हसलं, कोणी तरी भाकरीचा तुकडा मोडून आत्मारामाच्या पुढे धरला, एकाच डब्यातला.

मी म्हटलं, "याला क्षय असावा. रक्त पडतंय. आत्ता रुग्णालयात न्या. बाकीच्यांनाही तपासायला हवं."

खोलीतली माणसं आत्मारामापासून बाजूला झाली. एका क्षणात त्याच्याभोवती हातभर जागा मोकळी झाली, त्या दाटीत. ज्याने भाकरी धरली होती त्याने हात मागे घेतला. अधिकाऱ्यांनी कुलूप काढायला लावलं. "लेखी द्या," ते म्हणाले, आणि मी त्यांच्याच कागदावर लिहून सही केली. त्याला गाडीत बसवलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर वयनी पायरीवर बसली होती. मी सांगितलं, मी काय केलं ते. वाटलं, आता ही माझ्या तोंडावर थुंकेल, आणि थुंकली असती तर मला बरंच वाटलं असतं. ती उठली, लुगडं झटकलं.

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

"काय?"

"रगत. तेचे कपडे मीच धुतंय. दिवाळीपासून." तिने रस्त्याकडे पाहिलं. "मी तोंडातसून काडला आसता तर आपल्याच माणसान तेका भायर घातल्यान असा झाला आसता. घरातल्या माणसाक ता बोलता येणा नाय गो. म्हणान तुमका दारात घेतलंय."

चारला दहा मिनिटं होती. आम्ही तिघी भिंतीच्या कडेने चालत चाळीकडे निघालो.

नागपूर

आमच्या शाळेत या कामाबद्दल माझं भाषण ठरवलं होतं: परदेशी स्वयंसेवक आणि देशाची उभारणी. मी उभी राहिले आणि मुलींना चाचणी कशी करतात ते सांगितलं, वळकट्यांची गोष्ट सांगितली, आणि बसले. मोठ्या बाईंना ते फार आवडलं नाही. त्यांना आकडे हवे होते.

करीनचं मद्रासहून पत्र आलं. तिथे तिने यादी लिहिण्याआधी तिसरी प्रत कुठे जाते हे लोकांसमोर विचारलं, म्हणून म्हातारे साहेब तिच्यावर नाराज आहेत.

परवा एक पोस्टकार्ड आलं. चाळीतल्या कोणाकडून तरी वयनीने लिहवून घेतलेलं. पास गेला. तीन महिने रुग्णालयात काढून आत्माराम परत आला आहे. आता हिंदमाता नाक्यावर एका कापडाच्या दुकानात बसून ताग्यांवर चिठ्ठ्या लावतो. अंगात मांस धरलं आहे. दोन वेळा जेवतो, दुसऱ्यांदा भात मागतो. दाजी केव्हाच सुटला. बाकीचे पंधरा तपासले, त्यांना काही निघालं नाही. आणि खाली, कार्डाच्या कडेला, जागा संपत आल्यावर बारीक अक्षरात: तुमचं नाव काढलं की ताटावरून उठतो. म्हणतो, ती बाई परत मुंबईत दिसली तर बघून घेईन.

मी ते वाचलं आणि शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून रडले. मग पुन्हा वाचलं. मला शिव्या घालायला तो जिवंत आहे.